पंधरा जागांचा सेनापती

पलटणीतला मनुष्य पेन्शनीत निघाला म्हणजे पुढे काय करतो, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या पलटणींत आपले कितीतरी पूर्वज सुभेदार, जमादार म्हणून चाकरीस होते. चाकरी संपल्यावर हीच मंडळी समाजाच्या कारभारात पुढे बसू लागली. मुंबईतली आपली पहिली मशीद, शाआर हारहामीम, १७९६ साली बांधली ती सामुएल इझिकेल दिवेकर यांनी. ते कंपनी सरकारच्या फौजेतले अंमलदार. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि तेथून सुटून आल्यावर त्यांनी हे काम केले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेला 'मशीद' हा शब्द आपण मागे ठेवला आणि येथे आल्यावर बेत-क्नेसेट म्हणू लागलो. क्नेसेट म्हणजे सभा. ज्या देशात आपण आलो तेथे प्रार्थनेच्या जागेला सभेचे घर म्हणतात आणि राज्य चालविणाऱ्या संसदेला नुसतीच सभा म्हणतात, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटत आली आहे.

ह्या दुसऱ्या सभेत इस्राएलचे सेनापती किती गेले, ते मोजू लागलो तर बोटे पुरणार नाहीत. मोशे दायान, यिगाल अल्लोन, यित्झाक राबिन, एझेर वाइझमन, अरिएल शारोन, मोर्दखाय गुर, राफाएल एतान, एहुद बाराक आणि कितीतरी. त्यांतले राबिन, बाराक आणि शारोन तर पंतप्रधान झाले. पण मला येथे लिहायचे आहे ते ज्याची संसदेतली कारकीर्द अवघी चार वर्षांची झाली आणि जिचा शेवट बहुतेकांनी 'फुकट गेली' अशा दोन शब्दांत केला, त्या यिगाएल यादिनविषयी. मला तो निकाल पुरता मान्य नाही. का मान्य नाही ते सांगण्यासाठी आधी हा माणूस कोण होता ते थोडक्यात सांगावे लागेल, कारण आपल्या मुलांना 'यादिन' म्हटले की मसादा आठवतो आणि बाकीचे ठाऊक नसते.

यादिन यांचा जन्म १९१७ साली यरुशलेम येथे झाला. आडनाव सुकेनिक. वडील एलआझार सुकेनिक हे हिब्रू विद्यापीठात पुराणवस्तुशास्त्राचे प्राध्यापक, आणि आई यरुशलेमात बालवाड्या काढणारी कर्ती बाई. यादिन हे हगानातले टोपणनाव, तेच पुढे कायमचे झाले. १९४८ च्या लढाईत सेनाप्रमुख याकोव्ह दोरी आजारी असल्यामुळे लढाईचा प्रत्यक्ष कारभार तिशीतल्या ह्या तरुणाकडे आला. राज्य जाहीर करावे की थांबावे ह्याचा खल १२ मे १९४८ रोजी चालला असता बेन गुरियन यांनी त्यांना विचारले, आणि यशाची शक्यता निम्मी-निम्मी आहे असे त्यांनी स्वच्छ सांगितले. धीर देण्यासाठी गोड बोलले नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांनी, तेल अवीवच्या किनाऱ्यासमोर इजिप्तच्या जहाजांवर हल्ला करताना त्यांचा धाकटा भाऊ, वैमानिक मत्ती, मारला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस नेगेवमध्ये औजाकडे फौज नेण्यासाठी त्यांनी वाळूत बुजलेली रोमन काळची वाट शोधून वापरली. जुन्या वस्तूंचा अभ्यास लढाईत असा उपयोगी पडेल असे कोणास वाटले असते!

१९४९ ते १९५२ ते सेनाप्रमुख होते. ह्या तीन वर्षांत त्यांनी एक गोष्ट केली ती आपल्या प्रत्येक घराशी निगडित आहे. ती म्हणजे मिलुईम. थोडी कायमची फौज ठेवून बाकी सर्व नागरिकांना राखीव सैनिक करायचे आणि हाक आली की दोन दिवसांत कामधंदा सोडून त्यांनी हजर व्हायचे, ही व्यवस्था स्वित्झर्लंडकडे पाहून यादिन यांनी उभी केली. आपले मुलगे, जावई दरसाल पिशवी भरून निघत आले ते त्या व्यवस्थेपायी. पुढे लष्कराच्या खर्चात कपात करण्यावरून बेन गुरियन यांच्याशी मतभेद झाला आणि पस्तिसाव्या वर्षी यादिन यांनी राजीनामा देऊन पुस्तके हाती घेतली.

नंतरची कथा बहुतेकांना माहीत आहे. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपैकी तीन वडिलांनी १९४७ साली मिळविल्या होत्या. उरलेल्या चार मुलाने १९५४ साली न्यू यॉर्कमध्ये, वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीचा माग काढून, अडीच लाख डॉलरांना मिळविल्या. मग हासोर आणि १९६३ ते १९६५ मध्ये मसादा. मधल्या १९६०-६१ साली यहुदियाच्या वाळवंटातल्या एका गुहेत बार कोखबाची पत्रे सापडली. त्या पत्रांत त्या सेनापतीचे हुकूम आहेत, ऐकले नाही तर शिक्षा करीन अशा धमक्या आहेत, आणि सुक्कोथच्या सणासाठी लुलाव व एथ्रोग पाठवा असेही लिहिले आहे. ही पत्रे वाचून लोकांपुढे मांडणाऱ्या यादिनना पुढे असा दिवस पाहावा लागला की स्वतःच्या पंधरा सभासदांना त्यांना एकही हुकूम सोडता येईना.

ह्या मधल्या वर्षांत राजकारणात या म्हणून त्यांना अनेकदा बोलावणे आले. बेन गुरियन यांची तशी इच्छा होती. ते गेले नाहीत. योम किप्पूरच्या लढाईनंतर चौकशीसाठी आग्रानात आयोग बसला, त्याच्या पाच सभासदांत ते एक होते. सावध नसलेले सरकार आणि स्वतःवर फाजील विश्वास असलेले लष्कर दोन्ही त्यांनी साक्षीपुराव्यांतून जवळून पाहिले. पुढे १९७६-७७ च्या हिवाळ्यात सत्तारूढ मजूर पक्षाची एकामागून एक लक्तरे बाहेर आली. बँक ऑफ इस्राएलच्या गव्हर्नरपदासाठी सरकारने ठरविलेला माणूस लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेला. एका मंत्र्याने आत्महत्या केली. पंतप्रधान राबिन यांच्या पत्नीचे अमेरिकेत डॉलरचे खाते निघाले आणि एप्रिल १९७७ मध्ये त्यांनी उमेदवारी सोडली. ह्या वातावरणात, लष्कर सोडल्यावर चोवीस वर्षांनी, यादिन यांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये पक्ष काढण्याचे जाहीर केले. नाव लोकशाही परिवर्तन चळवळ, आणि हिब्रू आद्याक्षरांवरून 'दाश'.

हिब्रूत 'दाश' म्हणजे दरीशत शालोम, आपल्या भाषेत 'नमस्कार सांगा'. नाव जिभेवर बसायला वेळ लागला नाही. तेल अवीवचे प्राध्यापक अमनोन रुबिनस्टाइन आपला शिनुई गट घेऊन आले. मोसादचे माजी प्रमुख मेइर अमीत आले. पूर्वी बेगिन यांच्याच पक्षातून भांडून निघालेले वकील शमुएल तामीर आले. कारखानदार आले, माजी सेनाधिकारी आले. उमेदवारांची यादी पुढाऱ्यांनी बंद खोलीत न करता सर्व सभासदांनी मत देऊन ठरवावी, हा पायंडा ह्या देशात दाशने पाडला. त्यामुळे दोन द्रूझ उमेदवार यादीत वर येऊन क्नेसेटमध्ये पोहोचले. परंतु विकासनगरांतली माणसे, म्हणजे मोरोक्को, इराक, येमेन आणि आपल्या भारतातून आलेली, ह्या पक्षात थोडी होती. सभासद व्हायला फुरसत आणि ओळखी लागतात, त्या आमच्याकडे कोठून असणार?

आम्ही त्या वेळी नेगेवमधल्या एका गावात सरकारी शिकुनात राहत होतो. आमच्या जिन्यात बेगिन यांचे नाव जास्त चालत असे. तरी दाशची एक गोष्ट आमच्या मुंबईकर मंडळींना चटकन समजली, ती म्हणजे मतदारसंघ. इस्राएलमध्ये सर्व देश मिळून एकच मतदारसंघ आहे. मत यादीला द्यायचे, माणसाला नाही, आणि त्या काळी एक टक्का मते मिळाली की यादी क्नेसेटमध्ये शिरत असे. दिमोना काय, लोद काय, कोणत्याही गावाला 'हा माझा सभासद' असे बोट दाखविता येत नाही. मुंबईत आपल्या वॉर्डाचा नगरसेवक आणि आपल्या भागाचा खासदार कोण, हे आपल्याला ठाऊक असे. तो काम करो न करो, अर्ज घेऊन जायला एक दार होते. येथे दारच नव्हते. यादिन यांची पहिली मागणी होती की देशाचे मतदारसंघ पाडा. मी मत दाशला दिले ते ह्या एका मागणीसाठी, आणि आजही तेच कारण मला पुरेसे वाटते.

माझे मामा भारतीय नौदलात नोकरी करून पेन्शनवर आलेले. त्यांना यादिनविषयी फार आदर, पण मत मात्र दिले नाही. ते म्हणत, "अरे, जहाजावर कॅप्टन बोलला की सुकाणू फिरते. ह्या माणसाला आयुष्यभर फिरणारे सुकाणूच ठाऊक आहे. पक्षाला सुकाणू नसते रे, चौदा वल्ही असतात, आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूला ओढतो." मी त्यांना म्हटले, की प्राध्यापकालाही कोणी सलाम करीत नाही आणि हा मनुष्य वीस वर्षे प्राध्यापक आहे. त्यावर मामा म्हणाले, "प्राध्यापकाला वर्ग असतो. तोही उठून उभा राहतो."

१७ मे १९७७ रोजी मतदान झाले. दाशला दोन लाखांहून अधिक, म्हणजे ११.६ टक्के मते पडली आणि पंधरा जागा मिळाल्या. पहिल्याच निवडणुकीत इतके यश नव्या पक्षाला पूर्वी मिळाले नव्हते. तरीही त्या रात्रीच यादिन यांची सर्व गणिते फिसकटली. हिशेब असा होता, की मजूर पक्ष थोडा खाली येईल, तरी सर्वांत मोठा राहील आणि सरकार बनविण्यासाठी त्याला दाशच्या पाया पडावे लागेल. मग मतदारसंघांची अट घालून त्याला वाकवायचे. झाले भलतेच. मजूर आघाडी ५१ वरून ३२ वर घसरली, आणि लिकुडला ४३ जागा मिळाल्या. लिकुडचे ४३, शारोन यांच्या श्लोमत्सियोन पक्षाचे २, राष्ट्रीय धार्मिक पक्षाचे १२ आणि अगुदात इस्राएलचे ४, बेरीज बरोबर ६१. एकशेवीसांच्या सभेत बेगिनना दाशवाचून बहुमत मिळाले. वर दायान मजुरांच्या यादीवर निवडून येऊन परराष्ट्रमंत्री व्हायला बेगिनकडे गेले, तो बासष्टावा.

लढाईत शत्रू समोर असेतो फौज एकत्र राहते. दाशची फौज मजूर पक्षाच्या विरोधाने एकत्र आलेली. तो शत्रू पहिल्याच रात्री पडला, आणि त्याच्याबरोबर एकत्र राहण्याचे कारणही गेले. मला वाटते, यादिन यांच्या सेनापतिपदाची खरी अडचण येथे होती. स्वभाव, वय, अननुभव ह्या गोष्टी लोक सांगतात त्या मागाहूनच्या. रणांगणावर नकाशा बदलला तर सेनापती रात्रीतून नवा बेत आखतो आणि सकाळी सर्वांना कळवितो. पक्षात नवा बेत आखायचा तर प्रत्येकाच्या घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून समजूत घालावी लागते.

यादिन जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सरकारबाहेर राहून वाटाघाटी करीत राहिले. ह्या चार महिन्यांत अरिएल शारोन यांनी काय केले ते शेजारी ठेवून पाहावे. तेही निवृत्त सेनापती, त्याच निवडणुकीत नवा पक्ष काढून उतरलेले, आणि जागा अवघ्या दोन. निकाल लागताच त्यांनी आपला पक्ष लिकुडमध्ये विलीन केला, शेतकी खाते घेतले, वसाहतींच्या मंत्रिसमितीचे अध्यक्षपद घेतले आणि कामाला लागले. पंधरा जागांचा सेनापती अटींचे मसुदे लिहीत बसला आणि दोन जागांचा सेनापती देशाचा नकाशा बदलू लागला. शारोन यांचे धोरण तुम्हांला पटो वा न पटो, संसदेत किती जागा आहेत यापेक्षा त्या केव्हा आणि कोठे लावायच्या हे महत्त्वाचे, एवढे त्यावरून दिसते.

२४ ऑक्टोबर १९७७ रोजी दाश सरकारात गेली. यादिन उपपंतप्रधान झाले, तामीर न्यायमंत्री, अमीत वाहतूक व दळणवळणमंत्री, आणि राष्ट्रीय विमा संस्थेचे माजी प्रमुख यिस्राएल कात्स मजूर व समाजकल्याणमंत्री. मतदारसंघांचा प्रश्न समितीकडे गेला. धार्मिक पक्षांना ती सुधारणा नको होती आणि त्यांच्यावाचून सरकार टिकत नव्हते. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, १९ नोव्हेंबर रोजी, सादात यरुशलेमला उतरले. त्या दिवसापासून देशाला दुसरे काही सुचेना, आणि मतदारसंघ कोणाच्या लक्षात राहणार? सप्टेंबर १९७८ मध्ये बेगिन, दायान आणि वाइझमन कॅम्प डेव्हिडला होते, तेव्हा घरी हंगामी पंतप्रधान यादिन होते. आणि नेमक्या त्याच सुमारास त्यांचा पक्ष फुटला. सात जण रुबिनस्टाइन-अमीत यांच्याबरोबर सरकारबाहेर पडले, सात यादिनबरोबर राहिले, आणि १९७३ च्या लढाईतला रणगाड्यांचा एक अधिकारी एकटाच तिसरीकडे गेला. उरलेल्या सातांतूनही एकेक गळत गेला. १९८१ च्या वसंतात पक्ष विसर्जित झाला आणि जूनच्या निवडणुकीस यादिन उभे राहिले नाहीत. परत आपल्या पुस्तकांकडे गेले. २८ जून १९८४ रोजी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला.

येथे बहुतेक लेखक थांबतात. 'दाश' आली, नमस्कार करून गेली, असा विनोद करतात आणि पान उलटतात. परंतु आम्ही शिकुनात राहणाऱ्यांनी थांबू नये असे मला वाटते, कारण ह्या चार वर्षांत यादिन यांच्याकडे आणखी एक काम होते. त्याचा वर्तमानपत्रांत मोठा मथळा कधी आला नाही. ते काम म्हणजे शिकुम ह-श्खुनोत, वस्त्यांचे पुनर्वसन.

सरकार आल्यावर बेगिन यांनी गरीब वस्त्या सुधारण्याची योजना जाहीर केली, आणि सामाजिक प्रश्नांचा भार उपपंतप्रधान म्हणून यादिन यांच्यावर पडला. पन्नास आणि साठ सालात घाईने बांधलेली आमची घरे तुम्हांला आठवत असतील. दोन खोल्या, त्यांत सात माणसे, भिंतींना ओल, जिन्यात दिवा नाही. ह्या योजनेत दोन गोष्टी नव्या होत्या. एक, परदेशातल्या एकेका यहुदी समाजाची एकेका वस्तीशी सोयरीक जोडून त्यांचा पैसा थेट त्या वस्तीला देण्यात आला. दुसरी, मला अधिक मोलाची वाटणारी, ती अशी की पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविणाऱ्या समितीत अधिकाऱ्यांच्या बरोबरीने वस्तीतल्या रहिवाशांना जागा दिली. घरांना खोली जोडायची की बालवाडी काढायची, नळ बदलायचे की वाचनालय, ह्यावर आमचे मत विचारले जाऊ लागले. कामात अडथळे पुष्कळ. मंत्रालयांची आपसांत ओढाताण, महागाई तर १९७९ साली शंभर टक्क्यांच्या वर गेलेली, अंदाजपत्रक छापून होईपर्यंत जुने होई. हुकमाने चालणारे हे काम नव्हते. बैठकीमागून बैठक, खात्यामागून खाते. सेनापतीच्या जिवाला त्रास देणारे, पण चिकाटी असेल तर पुढे सरकणारे.

आमच्या वस्तीतली एक बैठक मला आठवते. खात्याचे साहेब नकाशा भिंतीला लावून समजावीत होते. आमच्या जिन्यातल्या एक वयस्क बाई, मूळच्या अलिबागकडच्या, उठून उभ्या राहिल्या. हिब्रू मोडकेतोडके. त्या म्हणाल्या, "साहेब, नकाशा सुंदर आहे. पण तुम्ही एकदा शुक्रवारी बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन माझ्याबरोबर अंधारात चौथ्या मजल्यावर चढा. मग नकाशा बोलू." सभा हसली. साहेबही हसले, आणि नंतर खरेच जिना पाहायला आले. चार महिन्यांनी जिन्यात दिवे आले, कठडा आला. लहान गोष्ट आहे, मला ठाऊक आहे. पण त्या बाईंना इस्राएलमध्ये येऊन दहा वर्षे झाली होती आणि सरकारी माणसाने त्यांचे ऐकून घेतले असे त्या दिवशी प्रथम घडले. पाच वर्षांपूर्वी अशी बैठकच झाली नसती.

१९८१ नंतर हे काम गृहनिर्माण मंत्रालयाकडे, डेव्हिड लेवी यांच्याकडे गेले. लेवी मोरोक्कोहून आलेले, बेत-शआनचे, एके काळी बांधकामावर राबलेले. त्यांनी ते पुढे नेले आणि नावही त्यांचेच अधिक झाले. ते योग्यच आहे. जो माणूस स्वतः अशा घरातून वर आला त्याला ह्या कामाचे मर्म अधिक कळणार. पण पाया घालताना प्राध्यापक-सेनापती तेथे होता, हे नोंदवून ठेवावे.

ह्या कथेची पुढे पुन्हा पुन्हा आवृत्ती निघाली आहे. राफाएल एतान यांच्या त्सोमेत पक्षाला १९९२ मध्ये आठ जागा मिळाल्या. दोन वर्षांत पक्षातून माणसे फुटली आणि १९९९ मध्ये एकही जागा आली नाही. गोलानच्या लढाईचे वीर अविग्दोर कहलानी यांचा पक्ष १९९६ मध्ये चार जागा घेऊन आला आणि पुढच्या निवडणुकीत नाहीसा झाला. १९९९ मध्ये यित्झाक मोर्दखाय आणि अमनोन लिपकिन-शहाक यांच्या मध्यममार्गी पक्षाला सहा जागा मिळाल्या, त्याचेही तेच. २०१९ मध्ये तर बेनी गांत्स, मोशे यालोन आणि गाबी अश्केनाझी असे तीन माजी सेनाप्रमुख एका यादीत उभे राहिले, पस्तीस जागा मिळविल्या आणि मार्च २०२० मध्ये सरकारात जावे की नाही ह्या प्रश्नावर फुटले. २००७ सालापासून कायदाच असा आहे, की वरिष्ठ सेनाधिकाऱ्याने निवृत्तीनंतर तीन वर्षे निवडणुकीस उभे राहू नये. यादिन चोवीस वर्षे थांबले होते, तरी निभावले नाही. तेव्हा वर्षे मोजून हा प्रश्न सुटत नाही. जे सेनापती टिकले, राबिन असोत वा शारोन, ते एखाद्या जुन्या पक्षात शिरून, तेथे हरून, बाजूला पडून, पुन्हा उभे राहून टिकले. राबिन १९७७ मध्ये पायउतार झाले आणि १९९२ मध्ये परत पंतप्रधान झाले. मधली पंधरा वर्षे हीच त्यांची संसदेची शाळा होती.

आता आपल्यापुरते पाहू. आपल्या समाजाला क्नेसेटचे मोल १९६४ मध्ये कळले. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीने आपल्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला, आणि आपण पुरते यहुदी आहोत की नाही असा संशय घेतला गेला. त्या वेळी आपल्या बाजूने लढायला कोणी नामांकित सेनापती आला नाही. गावोगावचे बेने इस्राएल, कारखान्यातले कामगार, नर्सबाया, मुलांना कडेवर घेतलेल्या आया यरुशलेमला जाऊन रस्त्यावर बसल्या. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक भरली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे ठरावाने सांगितले गेले. महिनाअखेर तो आदेशही बदलला. ते आपण मिळविले.

मतदारसंघ मात्र अजून पाडलेले नाहीत. आजही सर्व देश एकच मतदारसंघ आहे, आणि किमान मतांची अट एक टक्क्यावरून सव्वातीन टक्क्यांवर गेली आहे. म्हणजे लहान समाजाला दार पूर्वीपेक्षाही अरुंद. अशा वेळी आपल्यातले पुष्कळ जण दर निवडणुकीस एखाद्या नव्या पदकधारी माणसाकडे डोळे लावून बसतात. हा स्वच्छ आहे, हा शूर आहे, हा सर्व ठीक करील. यादिन स्वच्छ होते, शूर होते, विद्वान तर फारच होते. मतदारसंघाची सुधारणा ते करू शकले नाहीत. समितीत रहिवाशाला बसविण्याची सुधारणा मात्र त्यांच्या हातून झाली, कारण ती पुढे चालविणारी अलिबागकडची बाई आमच्या जिन्यात राहत होती.

तेव्हा आपल्या तरुण मुलामुलींना माझे सांगणे असे, की मिलुईम संपवून याल तेव्हा गावच्या नगरपालिकेत, पालकसंघात, वस्तीच्या समितीत जाऊन बसा. तेथे कोणी सलाम करीत नाही, बैठका लांबतात आणि चहा थंड होतो. पण आपल्या पलटणीतल्या जुन्या सुभेदारांनी मशिदीचा हिशेब वर्षानुवर्षे असाच नेटाने ठेवला होता. मोठ्या सभेत आपला माणूस जाईल तेव्हा तो ह्याच बैठकांतून शिकून गेलेला असावा.